ठोका देणारी गाठ

जखम भरून आली, शिवणही निघाली आणि दोन आठवड्यांनी तिथंच गाठ आली. पू झाला असेल, चीर देऊन मोकळं करू, असं कुणालाही वाटेल. पण गाठ नाडीसारखी ठोके देत असेल तर ब्लेड खाली ठेवायलाच हवं. आत धमनीला भोक पडलेलं असतं आणि बाहेर आलेलं रक्त नुसत्या भोवतालच्या मांसानं अडवून धरलेलं असतं. हा खोटा अ‍ॅन्युरिझम, म्हणजे धमनीचा खोटा फुगा.

धमनी थेट शिरेला जोडली जाणं, हा त्याचाच भाऊबंद. विल्यम हंटर यांनी लंडनमध्ये १७५७ साली त्याचं वर्णन केलं, तेही कोपरातून रक्त काढताना झालेल्या इजेनंतर. हात ठेवला की थरथर, कान लावला की घरघर. निदानाची साधनं एवढीच. पुढेही बराच काळ फाटलेली धमनी बांधून टाकणं हाच मुख्य उपाय होता. दुसऱ्या महायुद्धात अशा जखमींपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांचा हात-पाय कापावा लागला. कोरियाच्या युद्धात धमनी शिवू लागले आणि प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवर आलं. लोकलखाली पाय सापडलेल्या माणसाच्या पावलाची नाडी आधी का बघतात, ते यातून कळतं. रक्तपुरवठा तुटल्यावर हातात साधारण सहा तास असतात.

१९५३ साली सेल्डिंगर यांनी धमनीत शिरायची सुई, तार आणि नळी यांची साधी युक्ती दिली. तिच्याच वाटेनं पुढे धमनी आतून बुजवणारी कॉइल (तारेची गुंडाळी) आणि भोक आतून झाकणारे आवरण असलेले स्टेंट (जाळीच्या नळ्या) आतपर्यंत पोचले. मुंबईत याचं मोल मोठं आहे. इथं तंबाखूमुळे तोंडाचे कॅन्सर फार, आणि मानेला रेडिएशन दिल्यावर कधीकधी मुख्य धमनीची भिंतच कुजते. मोठ्या रक्तस्रावाआधी बरेचदा थोडंसं रक्त येऊन थांबतं. पट्टीवरचा तो लाल डाग पाहून घरच्यांनी त्याच रात्री दवाखाना गाठावा, हे मला मनापासून सांगावंसं वाटतं.

कॅन्सर रक्त गोठवतोही. पॅरिसचे डॉक्टर त्रूसो यांनी १८६५ मध्ये हा संबंध मांडला. १८६७च्या पहिल्याच दिवशी स्वतःच्या हाताची शीर गुठळीनं सुजलेली पाहून त्यांनी आपलं निदान ओळखलं. त्याच वर्षी पोटाच्या कॅन्सरनं ते गेले.

परळमध्ये केईएम १९२६चं, टाटा मेमोरियल १९४१चं. दोन्ही चालत काही मिनिटांवर. तेव्हा अशा गुठळीवर हाताशी फार काही नव्हतं. २००३च्या एका मोठ्या चाचणीत कॅन्सरच्या रुग्णांसाठी रक्त पातळ करणाऱ्या रोजच्या गोळीपेक्षा पोटावर टोचायचं हेपॅरिनच्या जातीचं इंजेक्शन सरस ठरलं. ते घरीच टोचायला नातेवाईकही शिकतात.