स्वतंत्रपूर (खुली वसाहत)

सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळची शिक्षा झालेल्या कैद्यांची खुली वसाहत. औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने ती १९३९ मध्ये वसवली. चांगल्या वर्तणुकीवरून निवडलेले बंदी येथे बायकामुलांसह राहून माणदेशाच्या कोरड्या रानात शेती करतात. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटामागची प्रेरणा हीच वसाहत होती.

वसाहत वसली त्याच वर्षी, १९३९ मध्ये, औंधात गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेकडे सत्ता सोपवणारी राज्यघटना आली आणि मतदानाला साक्षरतेची अट लागली. प्रौढांनी लिहावाचायला शिकावे हा हेतू चांगलाच होता. पण दिवसभर दुसऱ्याच्या बांधावर राबणाऱ्याने पाटी केव्हा धरावी, याचे उत्तर त्या अटीत नव्हते, आणि तिचा भार सर्वांत गरिबावरच पडणार होता. स्वतंत्रपूरची मांडणी याहून शहाणपणाची होती, कारण तेथे माणसाला आधी घर, काम आणि कुटुंबाचा सहवास मिळाला. पुढे १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने प्रौढ साक्षरता ही अख्ख्या गावाची जबाबदारी मानली. १९६१ पासून ती राज्यभर पसरली.

निरक्षरता, गरिबी आणि तुरुंग यांची गाठ मात्र सुटलेली नाही. देशातील बंद्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश निरक्षर आहेत आणि तीन चतुर्थांशांच्या आसपास न्यायाधीन, म्हणजे अद्याप दोषी न ठरलेले आहेत. वकालतनाम्यावर अंगठा उठवणाऱ्या ऊसतोड मजुराला कागदात काय लिहिले आहे, हे दुसरा सांगेल तेवढेच कळते. जामीन मंजूर झाला तरी सातबारा किंवा ऐपतीचा दाखला घेऊन उभा राहणारा जामीनदार परमुलखात त्याला सहसा मिळत नाही. ज्याच्या घरी बागायत आहे तो त्याच कलमाखाली आठवड्यात सुटतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार कोठडीतील प्रत्येकाला मोफत वकिलाचा हक्क आहे, परंतु तो मागण्यासाठी आधी तो ठाऊक असावा लागतो. म्हणून बराकीतील साक्षरता वर्गात मुळाक्षरांबरोबर जामिनाचा अर्ज वाचायलाही शिकवले पाहिजे. स्वतंत्रपुरासारख्या वसाहतीत केवळ सिद्धदोष बंद्यांना प्रवेश असल्याने जामीनदाराअभावी अडकलेल्या या न्यायाधीन गरिबाला तिचा लाभ मिळत नाही.