घामातले मीठ: खाणीतून मॅरेथॉनपर्यंत

उन्हात दोन-अडीच तास धावून आल्यावर टोपी वाळत टाकली की थोड्या वेळाने तिच्या कडेवर पांढरी रेघ उमटते. नखाने खरवडली तर बारीक भुकटी निघते आणि ती चक्क खारट लागते. एवढे मीठ अंगातून गेले, मग तेवढे परत घ्यायला हवे, असा सरळ हिशेब धावणाऱ्याच्या मनात तयार होतो. पण तो मुळात धावपटूंसाठी मांडलेलाच नव्हता. तो कोळशाच्या खाणीत आणि धरणाच्या बांधकामावर जन्मला. धावपटूंच्या हाती येईपर्यंत त्याचा अर्धा भाग गळून पडला होता, आणि त्याची किंमत काही जणांनी जिवाने मोजली.

सुरुवातीच्या मॅरेथॉनमध्ये मिठाचा प्रश्नच नव्हता, कारण पाणीच प्यायचे नाही अशी शिकवण होती. पाणी पिणारा धावपटू कच्चा समजला जाई. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये भर उन्हात, धुळीच्या रस्त्यावर मॅरेथॉन झाली. पाण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. ३२ जण सुटले, त्यातले १४ पोहोचले. विजेता थॉमस हिक्सला वाटेत त्याच्या मदतनिसांनी अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी आणि स्ट्रिकनीन दिले. स्ट्रिकनीन हे विष आहे, पण तेव्हा ते उत्तेजक म्हणून चालत असे.

ही शिकवण पुढची पन्नास वर्षे टिकली. १९५४ मध्ये व्हँकुव्हरला राष्ट्रकुल स्पर्धेच्या मॅरेथॉनमध्ये इंग्लंडचा जिम पीटर्स स्टेडियममध्ये शिरला तेव्हा दुसऱ्या क्रमांकाचा धावपटू मैलोन्‌मैल मागे होता. पीटर्सचे पाय मात्र त्याचे राहिले नव्हते. तो पडला, उठला, तिरपा चालला, पुन्हा पडला. शेवटची दोन-अडीचशे यार्डांची वाट तो अकरा मिनिटे तुडवत होता आणि तरीही खऱ्या अंतिम रेषेपर्यंत पोहोचला नाही. पुढे तो कधीच मॅरेथॉन धावला नाही. तो प्रसंग वाचताना आजही पोटात गोळा येतो.

मिठाचा अभ्यास या काळात दुसरीकडे चालू होता. इंग्लंडच्या खोल, उष्ण कोळसा खाणींतल्या कामगारांच्या पोटाचे आणि हातापायांचे स्नायू आखडून असे गोळे येत की ते जमिनीवर लोळत. संशोधक के. नेव्हिल मॉस यांनी १९२३ मध्ये त्याचे कारण मांडले. हे लोक पाळीभर घाम गाळत आणि वर भरपूर साधे पाणी पीत. घामातून मीठ जाई आणि त्या जागी नुसते पाणी येई. पिण्याच्या पाण्यात थोडे मीठ घातले की गोळे थांबत. शरीरक्रियाशास्त्रज्ञ जे. एस. हॉल्डेन यांनी तर याला पाण्याची विषबाधाच म्हटले. मला हा शब्द फार महत्त्वाचा वाटतो, कारण दोष फक्त मीठ कमी पडण्याचा नव्हता, पाणी जास्त होण्याचाही होता. पुढे हाच अर्धा भाग विसरला गेला.

अमेरिकेत हूव्हर धरणाच्या कामावर १९३१ च्या उन्हाळ्यात मजूर उष्माघाताने मेले, तेव्हा हार्वर्डच्या फटीग लॅबोरेटरीचे, म्हणजे थकव्याचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेचे, पथक डेव्हिड ब्रूस डिल यांच्यासह पुढच्या वर्षी तिथे गेले. उन्हाला शरीर सरावले की घामातले मीठ कमी होते, हे त्या काळच्या अशा कामांतून स्पष्ट होत गेले. नवख्याचा घाम जास्त खारट असतो, आठ-दहा दिवस उन्हात काम केलेल्याचा कमी. शरीर स्वतःच मीठ राखायला शिकते. त्यामागे अॅल्डोस्टेरॉन हे संप्रेरक असते, हे नंतर कळले.

ब्रिटिश डॉक्टर रॉबर्ट मॅकन्स यांनी १९३० च्या दशकात आणखी पुढचा प्रयोग केला, आणि त्यात ते स्वतःही बसले. मीठविरहित जेवण आणि रोज तासन्‌तास गरम हवेत घाम गाळणे, असे कित्येक दिवस चालवल्यावर जेवणाची चव गेली, स्नायूंत गोळे येऊ लागले, जरा हालचाल केली की धाप लागू लागली. मीठ खाल्ल्यावर सगळे झपाट्याने पूर्ववत झाले. पण या अवस्थेला पोहोचायला काही दिवस लागले होते, काही तास नव्हे. मॅरेथॉन तासांत संपते.

दुसऱ्या महायुद्धात वाळवंटात लढणाऱ्या सैनिकांना मिठाच्या गोळ्या वाटल्या गेल्या आणि तिथून त्या खेळाच्या मैदानावर आल्या. गोळी गिळायची, पण पाणी फार प्यायचे नाही, अशी विचित्र जोडी कित्येक प्रशिक्षकांनी चालवली. पोटात साठलेले मीठ उलट शरीरातले पाणी आतड्यात ओढते, त्यामुळे मळमळ आणि उलट्या ठरलेल्या.

१९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या सहप्रशिक्षकाने डॉ. रॉबर्ट केड यांना विचारले की सामन्यानंतर आमच्या मुलांना लघवी का होत नाही? केड यांच्या गटाने पाणी, साखर आणि क्षार एकत्र केले. चव इतकी वाईट होती की लिंबाचा रस घालावा लागला. त्यातून गेटोरेड हे खेळाडूंचे पेय जन्मले. साखर आणि सोडियम (मिठातला मुख्य घटक) आतड्याच्या भिंतीतून जोडीने आत जातात आणि मागोमाग पाणी ओढतात, हे जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्येच मांडले होते. याच तत्त्वावर १९७१ मध्ये दिलीप महालनोबिस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराच्या रुग्णांना मीठ-साखरेचे पाणी देऊन असंख्य जीव वाचवले. तत्त्व एकच, पण प्रमाणात मोठा फरक आहे. खेळाच्या पेयात सोडियम लिटरला साधारण २० मिलिमोल (प्रमाण मोजायचे एकक) असते, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजच्या ओआरएसमध्ये, म्हणजे जुलाबावरच्या मीठ-साखरेच्या पाण्यात, ७५ आणि निरोगी रक्तात १३५ ते १४५.

हे तीन आकडे लक्षात ठेवले तर पुढचा गोंधळ समजतो. १९६९ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या विंडहॅम आणि स्ट्रायडम यांनी मॅरेथॉनमध्ये कमी पाणी पिण्याचा धोका दाखवला. ते योग्यच होते. पण त्यानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. तहान लागण्याआधी प्या, जमेल तितके प्या, हे घोषवाक्यासारखे पसरले. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या १९९६ च्या भूमिकेत तासाला ६०० ते १२०० मिलिलिटरपर्यंतचे आकडे आले.

त्याच्या कितीतरी आधी, दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स या मॅरेथॉनहून लांब शर्यतीत १९८१ मध्ये, एक धावपटू पाणी कमी पडून नव्हे तर जास्त होऊन कोसळली होती. तिथले क्रीडावैद्यक तज्ज्ञ टिम नोक्स आणि सहकाऱ्यांनी अशा चार जणांची नोंद १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. फार थोड्यांनी दखल घेतली. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये एका तरुणीचा यातूनच मृत्यू झाला. त्याच शर्यतीत ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले होते आणि २००५ मध्ये निष्कर्ष आले: १३ टक्क्यांचे सोडियम निरोगी पातळीखाली होते. धोका सर्वांत जास्त होता तो शर्यतीत वजन वाढलेल्यांना आणि चार तासांहून अधिक वेळ लागलेल्यांना. साधे पाणी प्यायले की स्पोर्ट्स ड्रिंक, याने फरक पडला नव्हता. कसा पडणार? वीसचे द्रावण एकशे चाळीसच्या रक्तात ओतत राहिले तर रक्त पातळच होणार. त्यात लांब श्रमात शरीर पाणी राखणारे संप्रेरक सोडत राहते, त्यामुळे जादा पाणी लघवीवाटे निघतही नाही.

पायातल्या गोळ्यांचा दोषही मिठावरून थोडा हलला. क्रीडावैद्यक तज्ज्ञ मार्टिन श्वेलनस यांनी १९९७ मध्ये सिद्धांत मांडला की थकलेल्या स्नायूला मिळणारे मज्जासंकेत बिघडतात आणि त्यातून गोळा येतो. गोळा आल्यावर स्नायू ताणला की तो लगेच सुटतो, हे प्रत्येक धावपटूने अनुभवले आहे. मीठ एवढ्या लवकर पोहोचत नाही. तरी फार खारट घाम येणाऱ्यांचे, आठ-दहा तास उन्हात राहणाऱ्यांचे गणित वेगळे असू शकते. तिथे मीठ घेण्याला अर्थ आहे, फक्त ते ढोसलेल्या पाण्याची भरपाई करत नाही.

श्रमात सोडियम उतरण्याविषयी २०१५ मध्ये तज्ज्ञांनी एकमताने काढलेल्या निवेदनात तहानेनुसार प्यावे, असा सल्ला आला. डोकेदुखी, ओकाऱ्या, गोंधळलेले बोलणे, सुजलेली बोटे घेऊन कोणी वैद्यकीय तंबूत आले तर सवयीने सलाइनची बाटली लावू नये, आधी सोडियम तपासावे. ते खूप उतरले असेल आणि मेंदूवर परिणाम दिसत असेल तर ३ टक्के मिठाचे १०० मिलिलिटर द्रावण शिरेतून देतात, आणि पाणी बंद करतात.