वाऱ्याचं मानक आणि बांधकामाचा नियम

बडोद्यात सोसायटीच्या गच्चीवर पत्र्याची शेड घालायची ठरली की फॅब्रिकेटरच्या कोटेशनमध्ये एक ओळ हमखास येते: ‘सर्व काम कोडप्रमाणे.’ कमिटीवाले माना डोलावतात. कोणता कोड, असं एखाद्याने विचारलंच तर कुणी म्हणतं ‘महापालिकेचा’, कुणी म्हणतं ‘आयएसचा’, आणि दोन्हीचा अर्थ एकच असल्यासारखा विषय पुढे सरकतो. पण हे दोन निरनिराळे कागद आहेत. वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या पद्धतीने केलेले. एक आहे मानक, म्हणजे इमारतीवर वाऱ्याचा किती जोर धरायचा ते सांगणारं भारतीय मानक ब्युरोचं आयएस ८७५, भाग ३. दुसरा आहे नियम, म्हणजे गुजरात सरकारची २०१७ ची विकास नियंत्रण नियमावली, जी महापालिका लागू करते.

आधी मानकाकडे बघू, कारण वाऱ्याबद्दलचं सगळं शहाणपण तिथेच आहे.

आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागाची आत्ताची आवृत्ती २०१५ ची, त्याआधीची १९८७ ची. त्यात देशाचे वाऱ्याच्या वेगाप्रमाणे सहा पट्टे केले आहेत: सेकंदाला ३३, ३९, ४४, ४७, ५० आणि ५५ मीटर. बडोदे ४४ मध्ये येतं, मुंबईही ४४ मध्येच. अहमदाबाद ३९, भूज ५०. बडोद्याचा आकडा अहमदाबादपेक्षा वरचा आहे हे सांगितलं तर इथले जुने लोकही भुवया उंचावतात. हा वेग रोजच्या वाऱ्याचा नाही. मोकळ्या मैदानात, जमिनीपासून १० मीटरवर, तीन सेकंद टिकणारा झोत, सरासरी ५० वर्षांतून एकदा येण्याजोगा, असा त्याचा हिशेब आहे. ४४ मीटर म्हणजे ताशी साधारण १५८ किलोमीटर.

दाब काढायचा तर वेगाचा वर्ग करून ०.६ ने गुणायचं. ४४ साठी उत्तर येतं चौरस मीटरला सुमारे ११६० न्यूटन, म्हणजे ११८ किलोचं ओझं. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला भरतो जेमतेम चार-पाच किलो. वाऱ्याने शेड आडवी ढकलली जाते असं आपल्याला वाटत असतं, पण खरी भीती पत्रा वर ओढला जाण्याची असते. कडेला आणि कोपऱ्यांत ही ओढ सगळ्यात जास्त, म्हणून पत्रे उडायला लागतात ते कडेपासून. वर्ग असल्यामुळे आणखी एक गंमत होते. ४४ चे ५० झाले तर वेग वाढतो १४ टक्के, दाब वाढतो २९ टक्के. ‘थोडा जास्त वारा’ असं काही नसतं.

आतल्या दाबाचंही तसंच. भिंतींत ५ टक्क्यांपर्यंत उघडी जागा असेल तर मानक आतल्या दाबाचा गुणांक ०.२ धरतं, ५ ते २० टक्के असेल तर ०.५ आणि त्याहून जास्त असेल तर ०.७. वादळात एक मोठी खिडकी फुटली की घर पहिल्या गटातून थेट शेवटच्या गटातही जाऊ शकतं. मग छत वरून ओढलं जातं आणि आतूनही रेटलं जातं.

हे आकडे खुर्चीत बसून सुचलेले नाहीत. १९७४ च्या नाताळात ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरावर ट्रेसी चक्रीवादळ आलं आणि शहरातली सुमारे ७० टक्के घरं गेली. तपास केला तेव्हा कित्येक छतांवर स्क्रू जागच्या जागी होते, पत्रा मात्र नव्हता. एका झटक्यात तो उपटला गेला नव्हता. रात्रभर वारा त्याला उचलत होता आणि आपटत होता, आणि तार पुढे-मागे वाकवत राहिलं की तुटते तसा तो स्क्रूभोवती चिरत गेला. त्याआधी पत्र्याची चाचणी एकदा जोर लावून केली जायची. आता हजारो वेळा ओढून-सोडून करतात. टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठात १९७७ मध्ये खास चक्रीवादळासाठीचं चाचणी केंद्र उभं राहिलं. अमेरिकेत खिडक्यांच्या झडपांवर, वादळात उडून येणाऱ्या वस्तूंची नक्कल म्हणून, सुमारे चार किलोचा लाकडी वासा ताशी ५५ किलोमीटर वेगाने मारून बघतात आणि मग त्याच झडपेला दाबाचे हजारो हिसके देतात. मायामीच्या फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठात १२ अजस्र पंख्यांची एक भिंतच उभी केली आहे.

भारतीय मानकाच्या बाबतीत गुजरातचा वाटा आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. जून १९९८ मध्ये कांडल्याला चक्रीवादळाने झोडपलं, जानेवारी २००१ मध्ये कच्छचा भूकंप झाला, आणि त्याच वर्षी गुजरात राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन झालं. या प्राधिकरणाने आयआयटी कानपूरबरोबर बांधकामाच्या मानकांचा आढावा घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. वाऱ्याच्या मानकाचा सुधारित मसुदा त्यात रुरकीच्या प्राध्यापकांनी लिहिला. चक्रीवादळाच्या पट्ट्यासाठी एक वेगळा ‘महत्त्व गुणांक’ असावा, ही सूचना त्या मसुद्यात होती, आणि २०१५ च्या आवृत्तीत तो गुणांक आला. पूर्व किनारा आणि गुजरातचा किनारा यांच्या ६० किलोमीटरच्या पट्ट्यात, वादळानंतर ज्या इमारती उभ्या राहायलाच हव्यात, जसं इस्पितळ किंवा निवारा केंद्र, त्यांच्यासाठी वेगाला १.३० ने गुणायचं. कारखान्यांसाठी १.१५. बाकीच्यांसाठी १, म्हणजे काहीच नाही. पुन्हा वर्गाचा खेळ: १.३० पट वेग म्हणजे १.६९ पट दाब.

मसुदा लिहिला म्हणजे मानक झालं, असं मात्र नाही. ब्युरोच्या समितीत प्राध्यापक असतात, संशोधन संस्था असतात, सरकारी बांधकाम खाती, माल बनवणारे कारखानदार आणि सल्लागार अभियंते असतात. मसुदा सगळ्यांसाठी खुला होतो, आलेल्या हरकती समितीपुढे येतात. एकमत व्हावं लागतं, पण एकमत म्हणजे सगळ्यांचे हात वर नव्हेत. महत्त्वाच्या मुद्द्यावर कुठल्याही मोठ्या गटाचा टिकून राहिलेला विरोध नसावा, एवढीच अट. हा प्रकार संथ आहे. १९८७ नंतर पुढची आवृत्ती यायला २८ वर्षं लागली, याचं समर्थन मला करता येत नाही. तरी पद्धत चुकीची वाटत नाही. प्रयोगशाळेतला प्राध्यापक म्हणतो स्क्रू इतक्या जवळ हवेत, बांधणारा म्हणतो त्याने पत्राच कमकुवत होईल, कारखानदार म्हणतो या जाडीचा पत्रा बाजारात मिळतच नाही. हे भांडण कागदावर झालं तरच साइटवर टळतं.

आता नियम. त्याची गोष्ट लवकर संपते. १९७६ च्या नगररचना कायद्याखाली सरकार नियमावली काढतं, ‘वुडा’ (बडोद्याचं नगरविकास प्राधिकरण) आणि महापालिका ती लागू करतात. मसुद्यावर हरकती-सूचना तिथेही मागवतात, त्यामुळे दोन्ही प्रक्रिया सारख्या भासतात. पण शेवटचा शब्द सरकारचा असतो, समितीच्या एकमताचा नाही. प्लॅन पास करणं, बांधकाम परवानगी, वापराचा दाखला, बेकायदा काम पाडणं, हे सगळं नियमाच्या हातात. मानकाच्या हातात यातलं काहीच नाही. आयएस ८७५ मोडलं म्हणून ब्युरोचा माणूस तुमच्या गच्चीवर येणार नाही.

दोन्ही कागद एकमेकांना भेटतात ते नियमावलीतल्या एखाद्या ओळीत: संरचनेचं डिझाइन संबंधित भारतीय मानकांप्रमाणे असावं आणि त्यावर नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही असावी. तेवढ्या ओळीने मानकाला दात येतात. सिमेंट आणि लोखंडी सळ्यांच्या बाबतीत केंद्र सरकारने थेट आदेश काढून आयएसआय चिन्ह सक्तीचं केलं. तिथे मानकच कायद्यासारखं वागतं. आणि गोंधळाला हातभार लावणारं तिसरं एक प्रकरण आहे, राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६. ती ब्युरोनेच काढली, म्हणजे जात मानकाची. पण भाषा नियमावलीची. ती मुळात शिफारस आहे. राज्याने स्वीकारली तेवढीच लागू.

दोघांमध्ये फट पडली तर काय होतं ते फ्लोरिडाने दोनदा दाखवलं. ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू वादळ मायामीच्या दक्षिणेला धडकलं. तिथले बांधकाम नियम अमेरिकेतल्या सर्वांत कडक नियमांत गणले जात. पण तपासणी ढिली होती, कामं उरकलेली होती, छताच्या फळ्या खिळ्यांऐवजी स्टेपलने मारलेल्या होत्या. त्यातून पुढे संपूर्ण राज्यासाठी एकच नियमावली आली, २००२ पासून, आणि तिने वाऱ्यासाठी एएससीई ७ हे सिव्हिल इंजिनिअरांच्या संघटनेचं मानक आधाराला घेतलं. इथवर सगळं छान. पण त्या मानकाचा नकाशा म्हणत होता की वाऱ्याने उडून येणाऱ्या वस्तूंपासून खिडक्या वाचवण्याची सोय राज्याच्या वायव्य पट्ट्यातही किनाऱ्यापासून बरीच आतपर्यंत हवी. खर्चाची ओरड झाली आणि विधिमंडळाने त्या भागापुरती सवलत दिली: किनाऱ्यापासून फक्त एक मैल. मानकाने एक रेघ ओढली होती, नियमाने दुसरीच ओढली. २००४ मध्ये आयव्हन वादळ त्याच बाजूला आलं. दोनेक वर्षांनी सवलत रद्द झाली.

मला ही गोष्ट अँड्र्यूपेक्षा जास्त बोलकी वाटते. अँड्र्यूच्या वेळी कामचुकारपणा होता, तो सगळीकडे असतो. इथे मात्र शास्त्र माहीत होतं, मानक छापलेलं होतं, कुणी काही लपवलं नव्हतं. सरकारला तो अधिकार होता आणि त्याने तो वापरला. म्हणूनच ‘कोडप्रमाणे’ म्हटल्यावर कुठल्या कोडप्रमाणे, हे विचारावं लागतं. त्या एका मैलाच्या पलीकडचं घर नियमाप्रमाणे बिनचूक होतं आणि मानकाप्रमाणे अपुरं.

बडोद्याच्या गच्चीवर याचं उलटही दिसतं. मे २०२१ मध्ये तौक्ते उन्याच्या बाजूने गुजरातेत शिरलं, जून २०२३ मध्ये बिपरजॉय जखाऊजवळ. दोन्ही वेळा मुख्य मार आपल्यावर नव्हता. त्यामुळे इथे असा समज पक्का झाला की वारा हा सौराष्ट्र-कच्छचा प्रश्न. शेड घालताना बहुतेक जण प्लॅन देतच नाहीत, म्हणजे नियम त्या कामापर्यंत पोचतच नाही. आणि नियम पोचला नाही की मानकाचं नाव फक्त कोटेशनमध्ये उरतं. सोलर पॅनलचंही तेच: पंधरा-वीस अंशांत तिरपं लावलेलं पॅनल वाऱ्याला शेडइतकंच आवडतं.

कोटेशन हातात आलं की त्यात पाच गोष्टी लिहून मागा: मानकाचं नाव वर्षासकट, धरलेला वेग (बडोद्यासाठी ४४), जमिनीपासून शेडची उंची, कडेच्या ओळीतल्या स्क्रूंमधलं अंतर, आणि खांब स्लॅबला कसे बांधणार ते. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या गच्च्यांवर वर चायना मोझेक असतं, त्याखाली चार-पाच इंचांचा कोबा, आणि त्याखाली खरा स्लॅब. चार इंची अँकर बोल्ट वरून मारला की तो कोब्यातच संपतो. घट्ट बसतो, नट आवळला जातो, हाताने हलवून बघितलं तर खांब हलत नाही. पण कोबा म्हणजे उतारासाठी टाकलेला विटांचा चुरा आणि चुना. वर ओढलं की तो गठ्ठ्यासकट सुटतो. तेव्हा प्लेटच्या जागी कोबा फोडून स्लॅब उघडा करायला सांगा, बोल्ट स्लॅबमध्ये गेलेला बघा, आणि नंतर वॉटरप्रूफिंग परत करून देण्याचा खर्च त्याच कोटेशनमध्ये धरायला लावा. नाहीतर पहिल्याच पावसात वरच्या मजल्यावाले तुमच्या दारात उभे राहतील.