विद्युत् चुंबक

विद्युत् प्रवाह चालू असेपर्यंत चुंबकत्व धारण करणारा व तो थांबताच ते बहुतांशी गमावणारा चुंबक. तारेचे वेटोळे आणि त्यात बसविलेला मृदू (सहज चुंबकित होणाऱ्या व चुंबकत्व सहज गमावणाऱ्या) लोखंडाचा गाभा हे त्याचे मुख्य भाग होत.

इतिहास : प्रवाहामुळे चुंबकसूची विचलित होते, हे हान्स क्रिस्तियन अर्स्टेड यांनी कोपनहेगन येथे १८२० मध्ये जाहीर केले. इटलीतील जान दोमेनिको रोमान्योझी यांना हा परिणाम १८०२ मध्येच दिसला होता, असा दावा केला जातो. तथापि त्यांच्या वृत्तांतात पूर्ण मंडलाचा (प्रवाहाच्या बंद मार्गाचा) स्पष्ट उल्लेख नसल्याने तो स्थिर विद्युतीय परिणाम असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १८२० मध्येच फ्रान्स्वा आरागो यांनी आंद्रे मारी अँपिअर यांच्या सहकार्याने मळसूत्री वेटोळ्यात ठेवलेली पोलादी सुई चुंबकित केली. म्हणून काही लेखक विद्युत् चुंबकाचे जनकत्व आरागो यांच्याकडे देतात. परंतु पोलादाचे चुंबकत्व प्रवाह थांबल्यावरही टिकते. तेव्हा वरील व्याख्येत बसणारा पहिला चुंबक इंग्लंडमधील विल्यम स्टर्जन यांचाच म्हणावा लागतो. त्याचे वर्ष १८२३, १८२४ व १८२५ असे निरनिराळे दिलेले आढळते. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सपुढे तो १८२५ मध्ये मांडला गेला, एवढे निश्चित धरता येते. सुमारे २०० ग्रॅ. वजनाच्या, व्हार्निश लावलेल्या नालाकृती लोखंडावर त्यांनी उघड्या तांब्याच्या तारेचे १८ विरळ वेढे दिले होते, तो सु. ४ किग्रॅ. भार उचलीत असे.

वेढे विरळ ठेवण्याचे कारण तार उघडी होती व वेढे एकमेकांना टेकून चालले नसते, हेच. अमेरिकेतील जोसेफ हेन्री यांनी तारेलाच रेशमी आवरण दिले व त्यामुळे वेढे दाट आणि अनेक थरांत गुंडाळता आले. येल महाविद्यालयासाठी १८३१ मध्ये केलेल्या त्यांच्या चुंबकाने ९०० किग्रॅ.हून अधिक भार पेलला. उत्रेख्तचे खेरिट मोल यांचा मोठ्या चुंबकांवरील लेख हेन्री यांच्या लेखाआधी प्रसिद्ध झाला होता. पण बहुस्तरीय गुंडाळीचे श्रेय हेन्री यांनाच द्यावे लागते.

कार्य : वेढ्यांची संख्या व प्रवाह यांच्या गुणाकाराला (अँपिअर-वेढे) चुंबककारी प्रेरणा म्हणतात. तिच्यामुळे लोखंडातील अस्ताव्यस्त चुंबकीय प्रदेश एका दिशेने वळतात व गाभ्याचे चुंबकीय क्षेत्र नुसत्या वेटोळ्याच्या क्षेत्राच्या शेकडो पट होऊ शकते. सु. २ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) आसपास लोखंड संपृक्त होते, म्हणजे त्यातील जवळजवळ सर्व प्रदेश वळून झालेले असतात. पुढे प्रवाह वाढविल्यास तार तापते, चुंबकत्व मात्र फारसे वाढत नाही. चुंबकाची ओढ क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असते : १ टेस्लाला दर चौ. सेंमी.ला सु. ४ किग्रॅ. भाराइतकी. ध्रुव व ओढला जाणारा तुकडा यांत मिलिमीटरभर हवा शिरली, तरी ओढ झपाट्याने घटते. जुन्या चुंबकांच्या भारांचे आकडे तुकडा ध्रुवांना चिकटलेला असतानाचे आहेत, हे त्यांची तुलना करताना सहसा विसरले जाते.

प्रत्यावर्ती (दिशा सतत उलटसुलट बदलणाऱ्या) प्रवाहासाठी गाभा पातळ, परस्परांपासून निरोधित पत्र्यांचा करतात. अखंड गाभ्यात आवर्त (भोवऱ्यासारखे फिरणारे) प्रवाह निर्माण होऊन तो तापतो.

घंटा, रिले व कॉन्टॅक्टर (विद्युत् चुंबकाने उघडमीट होणारे स्विच), भंगार उचलणाऱ्या यारी इत्यादींत विद्युत् चुंबक वापरतात. संपृक्ततेपलीकडील क्षेत्रांसाठी अतिसंवाहक (अतिशीत अवस्थेत विद्युत् रोध नसलेली) वेटोळी लागतात. जिनीव्हाजवळील लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कणत्वरकातील नायोबियम-टिटॅनियमची द्विध्रुवी वेटोळी १.९ केल्विन (सु. −२७१° से.) तापमानात ८.३३ टेस्ला क्षेत्रासाठी अभिकल्पित केलेली आहेत.