माळवद, पत्र्यावरचे दगड आणि भूकंप

21 मार्च 2024 ला सकाळी सहाच्या सुमाराला हिंगोली, नांदेड, परभणीत जमीन हलली तेव्हा मावशीचा फोन आला, मांडणीवरचे पितळेचे डबे एकदम टणटण वाजायला लागले म्हणाली, आणि दोन मिनिटांत सगळी गल्ली रस्त्यावर. 4.5 रिश्टरचा धक्का होता. तिचा पहिलाच प्रश्न, "आता किल्लारीसारखं व्हतंय का रं?" मराठवाड्यात कुठेही जमीन हलली की हेच नाव पहिल्यांदा तोंडात येतं.

आधी आकड्याचं बघू, कारण 4.5 आणि 6.2 हे ऐकायला जवळजवळचे वाटतात पण तसं नाहीये. या स्केलवर एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा साधारण 32 पट होते, त्यामुळे लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा 1993 सालचा 6.2 चा भूकंप हा मावशीच्या धक्क्यापेक्षा जवळजवळ साडेतीनशे पट ताकदीचा. यातूनच अजून एक गैरसमज निघतो, की छोटे छोटे धक्के बसतायत ते बरंच आहे, आतलं प्रेशर निघून जातंय. एका किल्लारीएवढं प्रेशर निघायला असे साडेतीनशे धक्के लागतील. उलट किल्लारीला तर आदल्या वर्षी, 1992 मधेच धक्के बसत होते, 18 ऑक्टोबरचा त्यातला मोठा, आणि त्यानंतर वर्षभरात ती रात्र आली. पण म्हणून धक्के बसले की मोठा येणारच असंही नाही, पालघरला डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर 2018 पासून लोकांनी कितीतरी धक्के सोसले आणि तिथे किल्लारीसारखं काही झालं नाही. कुठला धक्का मोठ्याच्या आधीचा होता हे मोठा येऊन गेल्यावरच कळतं. त्यामुळे "आज रात्री 2 वाजता मोठा येणार" असला व्हॉट्सॲप मेसेज आला तर तो सरळ डिलीट करा, तारीख-वेळ सांगू शकेल असा माणूस आज जगात कुठेच नाही.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून लोक दमून झोपलेले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 52 गावं भुईसपाट झाली, आठ ते दहा हजार माणसं गेली. शास्त्रज्ञांनाही हा धक्काच होता कारण हा भाग भूकंपाच्या धोक्याच्या नकाशावर सगळ्यात सुरक्षित झोनमधे होता. आपली काळ्या दगडाची जमीन म्हणजे एकदम भक्कम असं सगळे धरून चालले होते. नंतर किल्लारीजवळ बोअर घेतलं तेव्हा दिसलं की काळ्या दगडाचा थर जेमतेम 340 मीटर जाड आहे, त्याखाली फार जुना खडक, आणि त्यात जुन्या भेगा. भारताचा अख्खा भूखंड वर्षाला काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो, हिमालयाला ढकलतो, तो दाब मधल्या खडकातही साठत राहतो आणि एखादी जुनी भेग कधीतरी सटकते.

पण 6.2 हा जगाच्या हिशोबात काही राक्षसी भूकंप नव्हे. मग इतकी माणसं का गेली? मला हे समजलं ते आजीच्या घरामुळे. आजीचं घर माळवदाचं. दोन-अडीच फूट जाड दगडाच्या भिंती, लाकडाच्या तुळया, वर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात आत इतकं गार की पंखा नको. मृगाच्या आधी आजोबा वर चढून गळतीच्या जागी नवी माती टाकायचे, आम्ही पोरं पाट्या वर द्यायचो, आणि जुनी माती काही कोणी खाली काढत नव्हतं, म्हणजे दरवर्षी थर वाढतच जायचा. एकदा मी हिशोब केला, 10 बाय 12 ची खोली, वर 2 फूट माती, म्हणजे साधारण 10 टन वजन. भरलेल्या ट्रकातला माल डोक्यावर घेऊन झोपायचो आम्ही!

जमीन हलते तेव्हा जेवढं वजन जास्त तेवढा त्याला बसणारा हिसका जास्त, आणि तो हिसका झेलायचा कोणी, तर भिंतीने. ती भिंत कशी, तर आतून एक दगडांची रांग, बाहेरून एक, आणि मधे चिखल नि खडी. दोन्ही रांगांना आरपार धरून ठेवणारा लांब दगड बहुतेक घरांत नव्हताच. हादरा बसला की दोन्ही बाजू एकमेकींपासून सुटतात, भिंत पोटात फुगते आणि ढासळते, मग वरचं सगळं खाली. जिथे माळवदाचं वजन भिंतीवर नाही तर लाकडी खांबांवर होतं, तिथे काही ठिकाणी भिंती पडल्या तरी छप्पर उभं राहिलं. म्हणूनच आता बांधकामात दारं-खिडक्यांच्या वरून घराभोवती सलग काँक्रीटचा पट्टा फिरवायला सांगतात, कडब्याची पेंढी बांधतो ना, तसं ते चारही भिंतींना एकत्र धरून ठेवतं.

आणि पळायला वेळ मिळत नाही हे लक्षात घ्या. भूकंपाची पहिली लाट सेकंदाला 6 किलोमीटरच्या आसपास धावते, ती हलकी असते, खरी हलवणारी दुसरी लाट साडेतीन किलोमीटरने मागून येते. किल्लारीत भूकंप पायाखाली दहाएक किलोमीटरवरच झाला, म्हणजे दोन लाटांत अंतर पडलं सेकंद-सव्वा सेकंदाचं. गाढ झोपेतला माणूस तेवढ्यात कूससुद्धा बदलत नाही. लांबच्या गावाला दहा-वीस सेकंद मिळतात, जपानमधे त्याच्याच जोरावर अलार्म वाजवतात, पण केंद्राच्या डोक्यावर बसलेल्या गावाला ते नाही, त्याला घरच मजबूत लागतं.

मार्चच्या त्या धक्क्यानंतर नांदेडच्या प्रशासनाने लोकांना सांगितलं होतं की पत्र्यावर ठेवलेले जड दगड काढा. मला ते फार महत्त्वाचं वाटलं, कारण माळवदं गेली, पत्रे आले, आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून आपण पत्र्यावर परत दगड चढवले. मावशीला म्हटलं तर ती म्हणे, "काढते, पण वावटळीत पत्रं उडाले तर तू येशील का धरायला?" तिचंही खरंच होतं. शेवटी मी आणि मावसभाऊ रविवारी गेलो, पत्रे खालच्या पाईपला जे-हूक आणि वायसर लावून आवळून घेतले, अर्धा दिवस गेला, खर्च फार नाही. 14 दगड उतरवले, त्यातला एक तर तिच्या खाटेच्या बरोबर वर होता, दोघांना मिळून उचलावा लागला. आता ते सगळे गोठ्याच्या कडेला पडलेत, आणि मावशी त्यातल्या सपाट दगडावर बसून शेंगा फोडते.