इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी: नेमकं काय कव्हर होतं आणि क्लेम कसा करायचा

पॉवरट्रेन म्हणजे इंजिनपासून चाकापर्यंत ताकद पोचवणारं सगळं, इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ड्राइव्ह शाफ्ट. अमेरिकेत ह्याची वॉरंटी वेगळी मिळते, तिकडे ह्युंदाई पहिल्या मालकाला १० वर्षं किंवा १ लाख मैल देते. आपल्याकडे बहुतेक वेळा अख्ख्या गाडीची एकच वॉरंटी असते आणि इंजिन-गिअरबॉक्स त्यातच येतं. मारुतीने जुलै २०२४ मध्ये ती २ वर्षं/४० हजार किमीवरून ३ वर्षं/१ लाख किमी केली. वर्षं आणि किलोमीटर, जे आधी भरेल तिथे वॉरंटी संपते, त्यामुळे ज्यांचं रनिंग जास्त आहे त्यांनी मीटर बघत राहा. एक्स्टेंडेड, म्हणजे जादा पैसे भरून मुदत वाढवलेली वॉरंटी घ्यायची असेल तर साधारणपणे आधीची चालू असतानाच घ्यावी लागते.

पिस्टन, क्रँकशाफ्ट, व्हॉल्व, गिअर, ह्यात बनवतानाचा दोष निघाला तर ते कव्हर होतं. झिजणाऱ्या वस्तू नाही, म्हणजे फिल्टर, स्पार्क प्लग, ब्रेक पॅड. लोक सगळ्यात जास्त भांडतात ते क्लच प्लेटवरून, कारण ती इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे असते, पण ती झिजणाऱ्यातच धरतात.

आता पावसाळ्याचं नीट वाचा. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली आणि तुम्ही परत सेल्फ मारला की पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जाऊ शकतं, हवा दाबली जाते पण पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलायची वेळ येते. हे वॉरंटीत बसत नाही. इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन (इंजिनसाठीचं जादा कव्हर) घेतला असेल तर तिकडे क्लेम करायचा. सेल्फ मारूच नका, गाडी टो करून न्या.

क्लेमला जाताना आरसी, वॉरंटी बुकलेट, सगळ्या सर्व्हिसची बिलं आणि एक्स्टेंडेडचं सर्टिफिकेट जवळ ठेवा. सर्व्हिस चुकवलेली असेल किंवा बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर तिथेच अडवतात. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर आरसी आपल्या नावावर झाल्यावर एक्स्टेंडेड वॉरंटी पण नावावर करून घ्या.

आणि जॉबकार्ड, म्हणजे गाडी सर्व्हिसला देताना तक्रारी लिहून आपली सही घेतात तो कागद! माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सचा आवाज वॉरंटीत असतानाच सुरू झालेला, सर्व्हिस ॲडव्हायझरने जॉबकार्डवर फक्त "जनरल चेकअप" लिहिलं, मी न वाचता सही केली आणि वॉरंटी संपल्यावर तीच तक्रार नवी ठरली, बिल मी भरलं. म्हणून "तिसऱ्या गिअरला आवाज येतो" असं आपल्या शब्दांत लिहून घ्या, कॉपी घ्या, क्लेम नाकारला तर कारण लेखी किंवा ईमेलवर मागा.

लेखी नकार हातात आला की आधी कंपनीच्या कस्टमर केअरला मेल, मग १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तरी हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, तिथे ५० लाखांपर्यंतच्या किमतीचं प्रकरण चालतं, ५ लाखांपर्यंत फी शून्य, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० (गाडीसाठी भरलेली रक्कम धरतात). वकील लागतोच असं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, गाडी पुण्यात घेतली आणि राहायला लातूरला असाल तरी लातूरलाच. मुदत २ वर्षं आहे, तक्रारीचं कारण घडलं त्या दिवसापासून मोजतात.