किनाऱ्यावरची विहीर आटत नाही, खारी होते

मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. चहूबाजूंनी समुद्र आणि आत गोडं पाणी, त्यामुळे होडीतून उतरलेल्या प्रत्येकाला तिथे ‘चमत्कार’ हा शब्द ऐकायला मिळतोच. प्रत्यक्षात ते बेटावर पडून मुरलेलं पावसाचं पाणी. पण चमत्कार म्हणून हात जोडले की खरा प्रश्न विचारायचा राहून जातो. हाताच्या अंतरावर समुद्र असताना हे पाणी त्यात मिसळून खारट का होत नाही?

हा प्रश्न किल्ल्यापुरता नाही. नागाव, रेवदंडा, दिवेआगर, गुहागर अशा गावांत पुळणीला, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याला लागूनच माड-पोफळीच्या वाड्या आहेत, आणि वाडीत घर, घरामागे विहीर. त्या विहिरीचं पाणी प्यायला वापरायचं की संडासात ओतायचं, हे ठरवताना आपण खिशाचा आणि विजेच्या बिलाचा विचार करतो. वाळूच्या खाली काय चाललंय याचा करत नाही.

वाळूखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. एक लिटर गोड्या पाण्याचं वस्तुमान साधारण 1000 ग्रॅम, तर एक लिटर समुद्राच्या पाण्याचं 1025 ग्रॅम, कारण त्यात 35 ग्रॅमच्या आसपास क्षार विरघळलेले असतात. फरक फक्त अडीच टक्क्यांचा. उघड्या हौदात ही दोन्ही पाणी ओतून ढवळली तर क्षणात एक होतील. पण वाळूच्या कणांमधल्या बारीक फटींत ढवळायला कोणी नसतं. पाणी तिथे मुंगीच्या पावलानं सरकतं, त्यामुळे हलकं पाणी वर आणि जड पाणी खाली अशी मांडणी वर्षानुवर्षं टिकते.

आता ही मांडणी किती खोल जाते ते पाहू. शाळेतली यू आकाराची काचनळी आठवा. एका बाजूला जड द्रव, दुसऱ्या बाजूला हलका द्रव ओतला की हलक्याचा स्तंभ जास्त उंच राहतो, कारण तळाशी दोन्हींचा दाब सारखा व्हावा लागतो. किनाऱ्यावर नळीचा एक पाय म्हणजे समुद्र आणि दुसरा पाय म्हणजे तुमची वाडी. समजा वाडीतल्या भूजलाची पातळी समुद्रपातळीपेक्षा ‘उ’ मीटर वर आहे आणि गोडं पाणी समुद्रपातळीच्या खाली ‘ख’ मीटरपर्यंत पोचलंय. मग गोड्या पाण्याचा स्तंभ (उ + ख) मीटरचा, आणि त्याला तोलून धरणारा खाऱ्या पाण्याचा स्तंभ ‘ख’ मीटरचा. म्हणजे 1000 × (उ + ख) = 1025 × ख. सोडवलं की ख = 40 × उ.

चाळीसपट! डच अभियंता बॅडन गायबेन याने 1888 मध्ये आणि जर्मन अभियंता हर्झबर्ग याने 1901 मध्ये हे नातं स्वतंत्रपणे मांडलं, म्हणून त्याला दोघांचं नाव आहे. पातळी समुद्रापेक्षा एक मीटर वर असेल, तर खाली चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी. वरच्या एक मीटरच्या वजनानं खालचा सगळा खारा साठा दाबून ठेवलेला असतो. अर्थात हे गणित स्थिर पाण्याचं आहे. प्रत्यक्षात गोडं पाणी सतत समुद्राकडे झिरपत असतं, भरती-ओहोटीने सीमारेषा पुढेमागे होते, आणि दोन्हींच्या मध्ये रेघ नसून मचूळ पाण्याचा पट्टा असतो. जांभ्यात किंवा बेसॉल्टच्या भेगांमध्ये तर हे गणित नुसतं अंदाजापुरतं. पण पुळणीच्या सलग वाळूत ते बरंच जुळतं.

गणित इथपर्यंत सगळेच सांगतात. मला त्याची उलटी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. गोडं पाणी उपसत गेलो की पातळी खाली येते आणि तिच्या चाळीसपट वेगाने खालची सीमा वर चढते. म्हणजे सावकाश, दीर्घकाळात, उपसलेल्या 41 घागरींपैकी एकीचाच खड्डा वर दिसतो. उरलेल्या 40 घागरींची जागा खालून खाऱ्या पाण्याने भरलेली असते. देशावरची विहीर उन्हाळ्यात तळ दाखवते आणि माणूस सावध होतो. किनाऱ्यावरच्या विहिरीत मे महिन्यातही पाणी दिसतं. पातळी थोडीशीच उतरलेली असते, म्हणून ‘आमच्या विहिरीला भरपूर पाणी’ असं म्हणत पंप चालूच राहतो. आणि एके दिवशी चहा नासतो, तुरीची डाळ शिजता शिजत नाही.

पंपाने आणखी एक गोष्ट होते. रहाटाने पाणी वरच्या थरातून सावकाश निघायचं, मधल्या वेळात आजूबाजूचं पाणी येऊन मिळायचं. दीड अश्वशक्तीचा पंप अर्ध्या तासात टाकी भरतो, तेव्हा विहिरीभोवती पाण्याची पातळी फनेलसारखी खचते आणि त्या खड्ड्याच्या बरोबर खाली खाऱ्या पाण्याचा उलटा सुळका वर उठतो. थोडा उठला तर पंप बंद केल्यावर हळूहळू बसतो. पण विहिरीच्या तळापर्यंतच्या अंतराचा काही हिस्सा ओलांडला की तो स्थिर राहत नाही, झपकन वर येऊन तळाला लागतो. म्हणून तेवढंच पाणी, पण थांबून थांबून, छोट्या पंपाने काढणं किनाऱ्यावर शहाणपणाचं. बोअर खोल मारली तर गोडं पाणी जास्त मिळेल, हा तर या भागातला सगळ्यात महागडा गैरसमज. खोल जाणं म्हणजे सुळक्याला भेटायला स्वतःहून जाणं.

इथे पाणाड्यांबद्दल बोलायलाच हवं. तळहातावर नारळ उभा राहिला की इथे खणा, असं सांगणारी माणसं अजून पाचशे रुपये आणि जेवण घेऊन जातात. पुळणीवर त्यांचा अंदाज कधी चुकतच नाही, कारण पुळणीवर कुठेही खणलं तरी पाणी लागतं! जिथे सगळीकडेच पाणी, तिथे नारळाची परीक्षा कसली? पाणी किती दिवस गोडं राहील हे विचारा, नारळ लगेच आडवा होईल.

आता आकडे पाहा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 19 ग्रॅम क्लोराइड, म्हणजे मिठाचा एक घटक असतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1000 मिलिग्रॅम. म्हणजे शंभर लिटरच्या पिंपात फक्त सव्वा लिटरच्या आसपास समुद्राचं पाणी मिसळलं की पहिली मर्यादा ओलांडली, साधारण सव्वापाच लिटर मिसळलं की दुसरीसुद्धा. उकळून क्षार जात नाहीत, उलट पाणी आटल्याने वाढतात. तुरटीनेही जात नाहीत.

आणि इतक्या नाजूक साठ्यातून आपण काय काय करतो? मलवाहिन्या असलेल्या शहरांसाठी माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात, त्यातलं 45 लिटर निव्वळ फ्लशसाठी. प्यायला आणि स्वयंपाकाला मिळून सात-आठ लिटर पुरतं. गावात पूर्वी हा हिशेब आपोआप पाळला जायचा, कारण कळशीने ओढून आणलेलं पाणी कोणी संडासात भसाभस ओतत नसे. न्हाणीचं पाणी केळीला आणि अळवाला जायचं, भांड्यांचं माडाच्या आळ्यात. मग छतावर एकच टाकी आली, तिच्यातून एकच पाइप घरभर फिरला आणि स्वयंपाकघराचं व संडासाचं पाणी एक झालं. निवास-न्याहारीच्या खोल्या झाल्या, प्रत्येक खोलीला स्वतंत्र शौचालय. पर्यटकांची गर्दी दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात. म्हणजे मे महिन्यात गोड्या पाण्याचा थर सर्वांत पातळ असतो, नेमकी तेव्हाही उपशाची जत्रा.

समुद्रच दारात आहे तर फ्लशला तेच पाणी का नको, असं कोणीतरी विचारतंच. हाँगकाँगमध्ये हे 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून चालतं, आणि तिथल्या बहुतांश लोकसंख्येच्या घरात फ्लशसाठी समुद्राच्या पाण्याचा वेगळा नळ आहे. पण त्यांच्याकडे सांडपाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्या आहेत. आपल्याकडे सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा. कमोडमध्ये ओतलेलं समुद्राचं पाणी वाडीतच मुरणार, म्हणजे खालून येणारा समुद्र आपण वरून ओतणार. शिवाय त्यातल्या सल्फेटपासून जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. कुजक्या अंड्याचा वास येतो आणि सिमेंट खातं ते वेगळंच. हा उपाय कोकणातल्या वाडीसाठी नाही.

मला पटणारी मांडणी थोडी उलटी आहे. पावसाचं पाणी फ्लशला वापरा असं सगळे सांगतात, पण पावसाळ्यात विहिरी तुडुंब असताना त्याने काय वाचतं? एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे पन्नास चौरस मीटरच्या छपरावर दीड लाख लिटर. त्यातलं दहा हजार लिटर सप्टेंबरअखेर बंद, अंधाऱ्या टाकीत साठवलं, तर पाच माणसांचं रोजचं 35 लिटर प्यायचं-रांधायचं पाणी पुढच्या जूनपर्यंत पुरतं. पहिले एक-दोन पाऊस वाहून जाऊ द्यायचे, पन्हळी साफ करायची, टाकीचं झाकण डासबंद ठेवायचं आणि प्यायचं पाणी उकळायचं. मग थोडी मचूळ झालेली विहीर वापरायच्या पाण्याला मोकळी होते. तिच्यावरचा भार कमी करायला अंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी फ्लशला घ्यावं. मात्र ते त्याच दिवशी संपवावं. शिळं राहिलं की जिवाणू त्यातला ऑक्सिजन संपवतात आणि घरभर दुर्गंधी सुटते. खरकट्या तेलकट पाण्याचा नाद फ्लशसाठी सोडा. ते जाळीतून गाळून माडाला द्या, माड थोडा खारटपणा सहन करतो.

यात एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे, ती म्हणजे पिण्याच्या आणि वापरायच्या पाण्याच्या पाइपांची गाठ. प्लंबर म्हणतो, ‘मध्ये व्हॉल्व्ह टाकतो, म्हणजे लागेल तेव्हा इकडचं तिकडे.’ त्याला तिथेच थांबवा. गावच्या नळाला दिवसातून तासभर पाणी येतं. ते बंद झालं की पाइपात पोकळी तयार होते आणि ती मिळेल तिथून पाणी ओढते. व्हॉल्व्ह किंचित गळका असला तरी पुरे. 1933 मध्ये शिकागोच्या दोन हॉटेलांत सांडपाण्याच्या आणि पिण्याच्या पाण्याच्या नळांची अशीच सरमिसळ झाली. अमीबाच्या आवेची साथ पसरली आणि सुमारे शंभर माणसं दगावली. नळाचं पाणी वापरायच्या टाकीत घ्यावंच लागलं, तर पाइपाचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या सर्वोच्च पातळीपेक्षा वितभर वर ठेवायचं, मध्ये उघडी हवा. हवेतून पाणी उलटं चढत नाही. दोन्ही पाइपांचे रंगही वेगळे हवेत, कारण दहा वर्षांनी दुरुस्तीला येणारा माणूस वेगळा असेल.

हे सगळं घर बांधतानाच केलं तर जादा पाइप आणि एक टाकी एवढाच खर्च. बांधलेल्या घरात भिंती फोडण्यापेक्षा फक्त फ्लशच्या टाक्यांना बाहेरून वेगळा पाइप द्यावा. आणि विहिरीच्या पाण्याची तपासणी करायची तर ती एप्रिल-मे महिन्यात, सकाळी पंप लावण्याआधी एकदा आणि टाकी भरत आल्यावर दुसऱ्यांदा. दोन्ही नमुन्यांतल्या क्लोराइडमध्ये मोठा फरक आला तर विहिरीखाली सुळका उठू लागलाय असं समजावं. मग लहान पंप बसवायचा, दिवसाचा उपसा दोन-तीन वेळांत वाटायचा, आणि सगळ्यात आधी फ्लश त्या विहिरीवरून काढायचा.